कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली, तरी ताकद का परत येत नाही?

प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका तरुण बागायतदाराचा आहे. थोडक्यात सांगतो. वडील ६१ वर्षांचे, स्वतः द्राक्षबाग बघणारे. अडीच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली एटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम रोज रात्री. मागच्या विरळणीच्या हंगामात मांडवाखाली हात वर धरवेनात. मग जिना चढवेना, आता जमिनीवर बसले की उठवेना. सीपीके, म्हणजे स्नायू फुटले की रक्तात वाढणारं विकर, ७,८०० आलं; यकृताच्या तपासणीतले एसजीओटी-एसजीपीटीही वाढलेले. गोळी बंद करून नऊ आठवडे झाले, तरी सीपीके ६,९०० आहे. एचएमजीसीआर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली. डॉक्टर स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं सुरू करू म्हणतात. वडिलांना साखर आहे, म्हणून घरचे सगळे घाबरलेत. त्यांनी विचारलंय: गोळी बंद केलीच आहे, तर आणखी दोन-तीन महिने वाट पाहू का? कोलेस्टेरॉलचं काय करायचं? आणि मलाही रोसुव्हास्टॅटिन १० ही त्याच गटातली गोळी चालू आहे, ती बंद करू का?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकतो. वाट पाहू नका. कोलेस्टेरॉलवर स्टॅटिन सोडून दुसरे चांगले उपाय आहेत, ते करावेच लागतील. आणि तुमची स्वतःची गोळी बंद करू नका. आता हे का, ते सविस्तर सांगतो. मी मिरजेत सत्तावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. सांधे आणि स्नायूंचे रुग्ण माझ्याकडे जास्त येतात. वडिलांना झालाय तो, स्टॅटिननंतर क्वचित सुरू होणारा आणि प्रतिकारशक्तीच स्नायूंवर उलटणारा आजार मी मोजक्याच वेळा पाहिलाय, पण ज्यांना झाला त्यांचे चेहरे आजही लक्षात आहेत. एकदा तर तो ओळखायला मीच उशीर केला होता. तेही पुढे सांगतो.

तुमच्या वडिलांनी जे सांगितलं त्यात एक शब्द फार मोलाचा आहे. त्यांनी हात ‘दुखतात’ म्हटलं नाही, ‘धरवेनात’ म्हटलं. दुखणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी बरेच जण पोटऱ्या भरून येतात, मांड्या दुखतात, रात्री पेटके येतात म्हणून सांगतात. ती माणसं दुखत दुखत का होईना, जिना चढतात. या आजारात उलट असतं. दुखणं थोडंच, काहींना अजिबात नसतं, पण शरीर उचलायची ताकदच जाते. तीही हातापायांच्या टोकांची नाही, तर मुळाशी असलेल्या स्नायूंची: खांदे, दंड, कंबर, मांड्या. त्यामुळे हाताची मूठ घट्ट वळते, कात्री चालवता येते, सही नीट होते. पण घड विरळायला दोन्ही हात डोक्यावर धरून दहा मिनिटं उभं राहता येत नाही. बायका सांगतात की वेणी घालताना हात गळून पडतात, फळीवरचा डबा निघत नाही. एसटीची पहिली पायरी चढताना दांडा धरून अंग वर ओढावं लागतं. आपल्याकडे जमिनीवर बसायची आणि उकिडवं बसायची सवय असल्यामुळे खरं तर हा आजार लवकर लक्षात यायला हवा. पण माणसं काय करतात, तर घरात कमोड बसवून घेतात आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात.

आता हा आजार आहे काय? आपलं यकृत कोलेस्टेरॉल तयार करतं, त्या कामातलं एक मुख्य विकर म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज, थोडक्यात एचएमजीसीआर. स्टॅटिन या विकराला अडवतं. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासून त्यातलं पहिलं स्टॅटिन शोधलं आणि १९८७ मध्ये अमेरिकेत लोव्हास्टॅटिन बाजारात आलं. तेव्हापासून या गोळ्यांनी किती हृदयविकाराचे झटके टाळले याची मोजदाद करणं कठीण. पण अगदी थोड्या माणसांच्या बाबतीत असं होतं की, शरीराची रोगप्रतिकारशक्ती याच विकराला परकं समजते आणि त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करते. या अँटिबॉडीचा पत्ता अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० आणि २०११ मध्ये लावला. त्याआधीही हे रुग्ण होतेच, पण त्यांना काय झालंय हे कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. या आजाराचं पूर्ण नाव इम्यून मेडिएटेड नेक्रोटायझिंग मायोपथी. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यामुळे स्नायूंचे तंतू मरून पडण्याचा आजार.

कोणाला होतो, याचंही थोडं उत्तर मिळालंय. डीआरबी१-११:०१ हा अनुवंशिक प्रकार ज्यांच्या शरीरात आहे त्यांच्यात तो कितीतरी जास्त आढळतो. पण तो प्रकार असलेले बहुतेक लोक स्टॅटिन घेऊनही धडधाकट राहतात, म्हणून गोळी सुरू करण्याआधी ही चाचणी करण्यात अर्थ नाही. आजार गोळी सुरू केल्यावर लगेच होतो असंही नाही. बऱ्याचदा दोन-तीन वर्षं गोळी छान मानवल्यानंतर सुरू होतो, कधी त्याहूनही उशिरा. तुमच्या वडिलांचं तसंच झालं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही, मग गोळीमुळे कसं?’ हा प्रश्न मला प्रत्येक कुटुंब विचारतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. गोळी बंद केली तर आजार का थांबत नाही?

स्टॅटिनमुळे होणारा नेहमीचा स्नायूंचा त्रास हा औषधाचा थेट परिणाम असतो. गोळी थांबली, औषध शरीराबाहेर गेलं, की काही आठवड्यांत माणूस पूर्ववत होतो आणि सीपीके उतरतं. इथं मात्र गोळीने फक्त काडी ओढली. आग आता स्वतःच्या बळावर जळतेय, काडी काढून घेऊन ती विझायची नाही. त्यातही एक दुष्टचक्र आहे. तंतू मरतात तेव्हा शरीर त्यांच्या जागी नवे तंतू घडवायला घेतं, आणि या नव्या, कोवळ्या तंतूंमध्ये नेमकं हेच विकर भरपूर प्रमाणात असतं. म्हणजे जितकी दुरुस्ती चालू, तितकं हल्लेखोरांना लक्ष्य जास्त. गोळी बंद झाल्यावरही आजार चालू राहतो तो यामुळेच, असं मानलं जातं. नऊ आठवड्यांत ७,८०० वरून ६,९०० ही सुधारणा नव्हे. असा चढउतार एकाच माणसात आठवड्या-आठवड्यालाही दिसतो. वर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि ताकद कमी. आता वाट पाहायची म्हणजे दर आठवड्याला आणखी तंतू गमवायचे. मेलेल्या तंतूंच्या जागी सुरुवातीला नवे येतात, पण फार काळ असंच चाललं तर तिथं चरबी भरते. मग औषध कितीही चांगलं दिलं तरी गेलेली ताकद परत येत नाही.

माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी सांगलीहून एक बाई आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मुलाबरोबर बसायच्या. आधी वर्षभर त्यांच्यावर यकृताचे उपचार झाले होते, कारण एसजीओटी आणि एसजीपीटी दोन-अडीचशेच्या घरात. पोटाची सोनोग्राफी तीनदा झाली होती. यकृताची सिरपं चालू होती. घरात तेल-तूप बंद करून त्या वाळून गेल्या होत्या. मी फाइल पाहिली, सीपीके केलं, ते ९,००० च्या पुढे. स्टॅटिन चालू होतं. मी ते बंद केलं आणि त्यांना सांगितलं, “मावशी, गोळीनं झालंय, गोळी थांबली की जाईल. दोन महिन्यांनी या.” दोन महिन्यांनी सीपीके थोडंसं उतरलं होतं. मी पुन्हा दोन महिने दिले. ड जीवनसत्त्व कमी होतं, ते दिलं. साखर होती, तिच्यावर थोडा दोष ढकलला.

चौथ्या महिन्यात त्या आल्या तेव्हा मी त्यांना स्टुलावरून हात न लावता उठायला सांगितलं. त्यांनी दोन्ही हात छातीशी घेतले, पुढे झुकल्या आणि दोनदा झोका घेतला. पार्श्वभाग स्टुलावरून चार बोटं उचलला आणि पुन्हा टेकला. तिसऱ्या वेळी त्यांनी मुकाट्यानं दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवले आणि स्वतःच्याच मांड्यांवर हातांनी एकेक टप्पा चढत उभ्या राहिल्या. मग साडीचा पदर सारखा करायला हात वर नेला, तो खांद्यापाशीच थांबला. मुलानं पुढे होऊन पदर खांद्यावर टाकला. ते त्याचं रोजचंच काम झालेलं दिसत होतं. त्या दिवशी मला कळलं की मी चार महिने सीपीकेचा आकडा तपासत होतो, बाई तपासल्याच नव्हत्या. उपचार सुरू झाले, त्या बऱ्याच सुधारल्या, पण डोक्यावर हात नेण्याची ताकद काही पूर्ण परत आली नाही. ते चार महिने वाचले असते तर, हा विचार मला अजून सतावतो. म्हणून तुम्हाला इतकं ठासून सांगतोय.

या गोष्टीतला यकृताचा भाग नीट लक्षात घ्या, कारण इथं हमखास फसगत होते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही विकरं फक्त यकृतात नसतात, ती स्नायूंतही असतात. स्नायू फुटले की तीही रक्तात सांडतात. त्यामुळे दोन्ही वाढलेली असताना बिलिरुबिन आणि जीजीटी या यकृताच्या दुसऱ्या तपासण्या नॉर्मल असतील, तर यकृताआधी स्नायूंकडे बघायला हवं. सीपीके ही काही शे रुपयांत आपल्याकडच्या कुठल्याही लॅबमध्ये होणारी तपासणी आहे. साधारण दोनशेच्या आत असायला हवी. या आजारात ती हजारांत जाते. दुसरी फसगत हृदयाची. स्नायूंचा आजार असला की सीपीके-एमबी आणि ट्रोपोनिन टी ही हृदयाच्या झटक्यासाठी तपासतात ती दोन्ही हृदयाला काही झालेलं नसतानाही वाढू शकतात. स्टेंट बसलेल्या माणसाच्या घरच्यांची मग झोप उडते. अशा वेळी ट्रोपोनिन आय जास्त भरवशाची, आणि सोबत ईसीजी आणि टूडी इको बघून निर्णय घ्यायचा. छातीत दुखलं तर मात्र ‘स्नायूंचंच असेल’ म्हणून घरी बसायचं नाही.

तुमच्या वडिलांचं निदान जवळजवळ पक्कं आहे. मुळाच्या स्नायूंची ताकद गेलेली, सीपीके हजारांत आणि ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह, हे तिन्ही जुळलं की आताच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे बायोप्सीची सक्ती नाही. काही शंका उरली तर बायोप्सी करतात. त्यात मेलेले आणि नव्यानं उगवणारे तंतू शेजारी शेजारी दिसतात, पण इतर दाहक आजारांत दिसते तशी पांढऱ्या पेशींची गर्दी फारशी नसते. मांड्यांचा एमआरआय केलात तर कुठे सूज आहे आणि कुठे आधीच चरबी भरलीय ते कळतं, आणि किती सुधारणा होऊ शकेल याचा थोडा अंदाज येतो. थायरॉइडची टीएसएच झाली नसेल तर करून घ्या, कारण नुसता थायरॉइड कमी असला तरी सीपीके चढतं आणि स्टॅटिनचा त्रासही वाढतो. इतर वाचकांसाठी एक सूचना: ‘मायोसायटिस प्रोफाइल’ नावाची स्नायूंच्या दाहाच्या अँटिबॉडींची जी एकत्रित तपासणी मिळते, त्यातल्या बऱ्याच संचांत एचएमजीसीआरची अँटिबॉडी नसते. ती वेगळी सांगावी लागते. प्रोफाइल निगेटिव्ह आलं म्हणजे हा आजार नाही, असं समजू नका. आणि पन्नाशीच्या पुढे हा आजार झाला तर वयाला साजेशा कर्करोगाच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. घाबरायचं कारण नाही, पण टाळूही नये.

आता स्टेरॉइड. हा शब्द उच्चारला की ओपीडीतलं वातावरणच बदलतं, मला माहीत आहे. ही भीती पूर्ण खोटीही नाही. साखर वाढते, भूक वाढते, हाडं विरळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. शिवाय आपल्याकडे गुडघेदुखीवर कुठूनतरी आणलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानं चेहरा सुजलेली माणसं प्रत्येकानं पाहिलेली असतात. पण हिशेब न ठेवता दिलेलं स्टेरॉइड आणि मोजून-मापून, ठरावीक मुदतीसाठी दिलेलं स्टेरॉइड यांत फार फरक आहे. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोननं सुरुवात करतात आणि ताकद परतू लागली की काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. मेथोट्रेक्सेट सोबत देण्याचं कारणच हे की स्टेरॉइड लवकर कमी करता यावं. साखरेसाठी काही दिवस इन्सुलिन लागेल. ते आयुष्यभराचं नसतं, स्टेरॉइड उतरलं की बहुतेकांचं तेही उतरतं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून घ्यावं. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगाची तपासणी, कावीळ बी आणि सीची तपासणी करून घ्या. आपल्या भागात क्षयरोग कमी नाही. अंगात झोपलेला जंतू ही औषधं सुरू झाल्यावर जागा होऊ शकतो. आणि स्टेरॉइड कधीही स्वतःहून एकदम बंद करायचं नाही.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज नाही. ही चूक झालेली माणसं मी पाहिली आहेत, तोंडभर फोड आणि रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली. एक वार ठरवा, घरातल्या कालनिर्णयवर त्या वाराला खूण करा आणि गोळी देण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवा. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका. दारू घेत असतील तर ती थांबवावी लागेल. या औषधासाठी यकृतावर नजर ठेवावी लागते, पण तुमच्या वडिलांचं एसजीपीटी स्नायूंमुळे आधीच वाढलेलं आहे; म्हणून डॉक्टरांना जीजीटीही बघायला सांगा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

साखर फारच अवघड असेल तर एक वेगळा मार्ग आहे, त्याची चर्चा जरूर करा. आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणं. २०१५ मध्ये तीन मधुमेही रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. तिघांनीही स्टेरॉइड नाकारलं होतं, नुसतं आयव्हीआयजी दिलं आणि तिघांचीही ताकद सुधारली. या विशिष्ट आजारात ते खरंच चांगलं काम करतं. अडचण पैशांची आहे. मात्रा दर किलोला २ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून, आणि अनेकदा काही महिने दर महिन्याला. खर्च लाखांत जातो. द्राक्षाचं एक वर्ष अवकाळीनं बुडालेलं असताना हे कसं जमवायचं, हे मी रुग्णांसोबत बसून कागदावर मांडलेलं आहे. म्हणून मी म्हणतो, ज्यांना गिळायला त्रास होतोय, मान उचलत नाही किंवा ताकद झपाट्यानं जातेय, त्यांच्यासाठी पैसे उभे करण्याचा विचार पहिल्याच आठवड्यात करा. इतरांनी स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेटनं सुरुवात करून दोन-तीन महिन्यांत काय फरक पडतो ते बघावं. त्यानंही भागलं नाही तर रिटुक्सिमॅबसारखी औषधं असतात.

सुधारणा कशी होते, तेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मधेच धीर सुटतो. आधी सीपीके उतरतं, ताकद मागाहून येते, महिन्यांच्या हिशेबात. काहींची ताकद पूर्ण परत येते, तरी सीपीके पाचशे-हजारवर रेंगाळतं. तेव्हा आकड्यासाठी औषध वाढवायचं नसतं, माणूस कसा आहे ते बघायचं असतं. उलटही होतं: औषध कमी करताना आजार डोकं वर काढतो. म्हणून उपचार एक-दोन वर्षं, कधी जास्त चालतात. वडील साठीचे आहेत, ही त्यातल्या त्यात बरी बाजू आहे. तरुण वयात होणारा हाच आजार जास्त हट्टी असतो.

आता हृदय. घाबरून माणसं स्टॅटिनसोबत सगळ्याच गोळ्या बंद करतात, हे मी पाहिलंय. स्टेंट बसलेल्या माणसानं रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःहून बंद करणं हा जिवाशी खेळ आहे. त्यातच एक खाच आहे. आपल्याकडे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि एटोरव्हास्टॅटिन ही तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये सर्रास मिळतात. ‘कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली’ असं सांगणारा माणूस ही कॅप्सूल घेतच असतो. वडिलांचा औषधांचा डबा आज रात्री पुढ्यात घ्या आणि प्रत्येक पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ज्या नावाच्या शेवटी ‘स्टॅटिन’ आहे ते त्यांना आयुष्यात पुन्हा द्यायचं नाही, कमी मात्रेतही नाही, दुसऱ्या कंपनीचंही नाही. ‘नायस्टॅटिन’ हे तोंडातल्या बुरशीचं औषध मात्र वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. अशी तिन्ही औषधं एकत्र असलेली कॅप्सूल डब्यात सापडली तर ती नुसती थांबवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल वेगळ्या गोळ्यांत लिहून घ्या. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं ‘स्टॅटिन कायमचं वर्ज्य’ असं लिहून ठेवा. पुढे कधी दुसऱ्या दवाखान्यात भरती झाले तर डिस्चार्जच्या कागदावर ही गोळी सवयीनं पुन्हा लिहिली जाते. कोलेस्टेरॉलवर नैसर्गिक म्हणून विकली जाणारी लाल यीस्ट तांदळाची कॅप्सूलही नको, तिच्यात मोनाकोलिन के असतं आणि ते म्हणजेच लोव्हास्टॅटिन. धिंगरी अळिंबीतही ते नैसर्गिकरीत्या थोडं असतं. माझ्या या रुग्णांना मी तीही टाळायला सांगतो.

मग कोलेस्टेरॉल कशानं उतरवायचं? एझेटिमाइब ही गोळी आतड्यातून होणारं कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करते, ती चालते. पण स्टेंट असलेल्या माणसाला बहुधा तेवढ्यानं भागत नाही. त्यांच्यासाठी दर दोन आठवड्यांनी कातडीखाली घ्यायची पीसीएसके९ रोखणारी इंजेक्शनं आहेत, एव्होलोक्युमॅब किंवा अलिरोक्युमॅब. या आजाराच्या रुग्णांत ती दिली गेलीत आणि स्नायूंचा आजार त्यांनी चिघळलेला नाही. इन्क्लिसिरान हे सुरुवातीच्या दोन मात्रांनंतर सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शनही मिळतं. बेम्पेडोइक ॲसिड ही गोळी यकृतात गेल्यावरच कामाला लागते, स्नायूंत नाही, म्हणून तिचाही विचार होतो. पण ती यूरिक ॲसिड वाढवते, तेव्हा गाउट असेल तर आधी सांगा. यातलं काय घ्यायचं ते हृदयाच्या आणि स्नायूंच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. ते आपोआप बोलतील असं धरून चालू नका, तुम्ही फोन लावून द्या.

राहिली तुमची गोळी. स्टॅटिन घेणाऱ्या एक लाख माणसांत हा आजार साधारण दोन-तीन जणांना होतो. सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअठ्ठावीस लाख होती. समजा त्यातले एक लाख लोक ही गोळी घेतात, तर अख्ख्या जिल्ह्यात दोन-तीन घरांवर ही वेळ येते. त्यातलं एक तुमचं निघालं, याचं मला वाईट वाटतं. पण उरलेल्यांतल्या कितीतरी जणांना याच गोळीनं झटक्यापासून वाचवलेलं आहे. वडिलांना झालं म्हणून तुम्हालाही होणार, असं नाही. दुखण्याबद्दलही एक सांगतो. लंडनमध्ये सॅमसन नावाचा एक अभ्यास झाला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीनं दिलं. खऱ्या गोळीनं जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनंही झाला. त्रास खोटा नव्हता, माणसांना खरंच दुखत होतं. पण त्यातलं बरंचसं भीतीनं आणि अपेक्षेनं आलेलं होतं. आता घरात हा आजार पाहिल्यावर तुमच्या पायांकडे तुमचं लक्ष सारखं जाणार, हे धरूनच चाला. एकदा सीपीके करून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. आदल्या दोन-तीन दिवसांत जड अंगमेहनत नको, नाहीतर बागेतल्या कामानंच आकडा वाढलेला दिसेल. जिना चढवत नाही, उठवत नाही, असं झालं किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. कुठल्याही आजारासाठी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरचं औषध मिळालं, तर स्टॅटिन चालू असल्याचं सांगा. काही स्टॅटिनची पातळी त्यानं रक्तात चढते.

वडिलांना झोपवून ठेवू नका. रोज थोडं चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं, फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे हलका व्यायाम या आजारात चालतो आणि लागतोही. तेल लावून जोरात रगडून घेणं मात्र थांबवा. मांडीत किंवा दंडात स्नायूंत खोलवर द्यायची इंजेक्शनं टाळा. पाणी पिताना ठसका लागायला लागला, डोकं उशीवरून उचलेना किंवा आडवं झाल्यावर श्वास अडकायला लागला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

एक वही करा. दर रविवारी सकाळी घरातली तीच लाकडी खुर्ची घ्या, भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी बांधून ३० सेकंदांत वडील किती वेळा उठतात ते मोजा. मग दोन्ही हात डोक्यावर, मांडवाखाली धरतात तसे, किती सेकंद धरवतात तेही मोबाइलवर मोजा. दोन्ही आकडे तारखेसह लिहा, शेजारी सीपीके, साखर आणि त्या आठवड्यातली स्टेरॉइडची मात्रा लिहा. पहिली नोंद औषध सुरू होण्याआधीच्या रविवारची असू द्या. पुढच्या भेटीला फाइल विसरलात तरी चालेल, ही वही मात्र घेऊन जा.